झोपेसाठी सर्रास दिली जाणारी बार्बिट्युरेट्स डॉक्टरांनी का सोडली? आणि ती आजही कुठे वापरतात?

२२ जून १९६९. लंडनमधल्या एका भाड्याच्या घरात हॉलिवूडची गाजलेली अभिनेत्री आणि गायिका ज्युडी गारलंड मृतावस्थेत सापडली. 'द विझार्ड ऑफ ऑझ' या १९३९ च्या सिनेमातली डोरोथी म्हणून तिला जगभर ओळखलं जायचं. मृत्यूच्या वेळी तिचं वय होतं अवघं ४७ वर्षं.

चौकशी झाली. ही आत्महत्या असल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. हा अपघाती मृत्यू असल्याचा निष्कर्ष निघाला आणि त्याचं कारण होतं झोपेच्या गोळ्या. ज्युडी अनेक वर्षं या गोळ्या घेत होती. त्या रात्री तिच्या शरीराला झेपेल त्यापेक्षा जास्त औषध पोटात गेलं, एवढंच.

या गोळ्या ज्या गटातल्या होत्या, त्याचं नाव बार्बिट्युरेट्स. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झोप येत नाही म्हटलं की डॉक्टर हीच औषधं लिहून द्यायचे. आज निद्रानाशासाठी ती जवळपास कुणीच देत नाही. पण याच गटातलं एक औषध आजही आपल्याकडच्या अनेक घरांत रोज घेतलं जातं आणि ते अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

हे नेमकं काय प्रकरण आहे? समजून घेऊया.

बार्बिट्युरेट्स आली कुठून?

याची सुरुवात जर्मनीत झाली. १८६४ मध्ये आडोल्फ फॉन बायर या रसायनशास्त्रज्ञाने बार्बिट्युरिक ॲसिड तयार केलं. या ॲसिडने स्वतः झोप येत नाही. पण त्याच्या रचनेत थोडे बदल केले की वेगवेगळी औषधं तयार करता येतात, हे पुढे लक्षात आलं.

१९०३ मध्ये एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग या दोघांनी त्यातून बार्बिटल तयार केलं. हे औषध 'वेरोनल' नावाने बाजारात आलं. इटलीतलं वेरोना हे शहर फार शांत वाटतं, म्हणून हे नाव दिलं असं सांगतात.

त्याआधी झोपेसाठी ब्रोमाइडची औषधं आणि क्लोरल हायड्रेट वापरायचे. ब्रोमाइड शरीरात साठून विषबाधा व्हायची. क्लोरलची चव आणि वास दोन्ही नकोसे. त्यापुढे वेरोनलची गोळी घ्यायला सोपी होती आणि झोपही हमखास लागायची. ती लोकप्रिय झाली यात नवल नाही.

१९१२ मध्ये फेनोबार्बिटल 'ल्युमिनल' या नावाने आलं. १९२० आणि ३० च्या दशकांत अमोबार्बिटल, सेकोबार्बिटल, पेंटोबार्बिटल अशी लवकर असर करणारी औषधं आली. एकूण अडीच हजारांहून जास्त बार्बिट्युरेट्स प्रयोगशाळेत तयार झाली, त्यातली साधारण ५० प्रत्यक्ष रुग्णांसाठी वापरली गेली.

झोप, चिंता, शस्त्रक्रियेआधीची भीती, फिट्स, भूल या सगळ्यावर एकाच गटातली औषधं चालायची.

ही गोळी मेंदूत काय करते?

आपल्या मेंदूत पेशींना 'शांत व्हा' असा निरोप देणारं एक रसायन असतं. त्याला गाबा म्हणतात. पेशींवर या गाबासाठी खास रिसेप्टर असतात. गाबा तिथे चिकटलं की एक छोटं दार उघडतं, क्लोराइडचे कण आत जातात आणि पेशी मंदावते.

बार्बिट्युरेट हे दार जास्त वेळ उघडं ठेवतं. त्यामुळे मेंदू मंदावतो, गुंगी येते, झोप लागते.

इथपर्यंत ठीक आहे. पण औषधाचं प्रमाण वाढलं की ते गाबाची वाटच बघत नाही. गाबा नसतानाही ते दार थेट उघडतं. मग मेंदूला स्वतःहून ब्रेक लावायला जागा उरत नाही. झोप आणणाऱ्या भागापाठोपाठ श्वास चालू ठेवणारा भागही मंदावतो. श्वास उथळ होतो, रक्तदाब खाली येतो आणि शेवटी श्वास थांबू शकतो.

मग नेमकी अडचण काय झाली?

कोणतंही औषध जास्त घेतलं तर त्रास होतोच. मग बार्बिट्युरेट्सचंच एवढं काय?

इथे दोन रेषा डोळ्यांसमोर आणा. पहिली रेषा म्हणजे झोप येण्यासाठी लागणारं प्रमाण. दुसरी रेषा म्हणजे श्वास थांबवणारं प्रमाण. चांगल्या औषधात या दोन रेषांमध्ये भरपूर अंतर असतं. एखादी गोळी चुकून जास्त गेली तरी माणूस वाचतो. बार्बिट्युरेट्समध्ये हे अंतर मुळातच कमी असतं.

त्यात भर पडते सवयीची. रोज गोळी घेतली की साधारण दोन आठवड्यांत तिचा झोपेवरचा असर ओसरू लागतो. शरीर औषधाला सरावतं. म्हणजे पहिली रेषा वर सरकते. तेवढीच झोप यायला आता जास्त औषध लागतं.

दुसरी रेषा मात्र त्या वेगाने वर सरकत नाही. झोपेच्या बाबतीत शरीर औषधाला जेवढं सरावतं, तेवढं ते श्वासाच्या बाबतीत सरावत नाही.

म्हणजे जितके जास्त दिवस गोळी घ्याल, तितकं हे अंतर कमी होत जातं. आणि घेणाऱ्याला ते कळतही नाही. उलट 'मला एवढ्याने काही होत नाही, मला सवय आहे' असं वाटू लागतं. ज्युडी गारलंडसारख्या जुन्या सवयीच्या माणसाचा अपघाताने मृत्यू होतो, तो असा.

गुंगीत असताना गोळी घेतली की नाही हेच न आठवणं आणि पुन्हा घेणं, हा धोकाही वेगळाच.

दारूसोबत घेतली तर?

दारूही गाबाच्याच यंत्रणेवर काम करते. म्हणजे एकाच ब्रेकवर दोन पाय. दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं बघितलं तर कमी वाटेल, पण एकत्र आल्यावर श्वासावरचा परिणाम कितीतरी वाढतो.

याचं एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रायन एपस्टाइन. 'द बीटल्स' या बँडचा मॅनेजर. ऑगस्ट १९६७ मध्ये बीटल्सची मंडळी वेल्समध्ये महर्षी महेश योगींच्या ध्यान शिबिरात होती. तिथेच त्यांना एपस्टाइनच्या मृत्यूची बातमी कळली. वय ३२. झोपेसाठी घेतलेलं बार्बिट्युरेट असलेलं औषध शरीरात साठत गेलं आणि त्यात दारूची भर पडली. तोही अपघाती मृत्यू ठरला.

दारूप्रमाणेच तीव्र वेदनाशामक अफूजन्य औषधं, गुंगी आणणारी काही ॲलर्जीची औषधं आणि इतर झोपेच्या गोळ्या यांच्यासोबतही हाच धोका असतो.

सोडायची म्हटलं तर?

काही महिने रोज घेतलेली गोळी एका रात्रीत बंद केली तर काय होतं? मेंदूला बाहेरून ब्रेक मिळायची सवय झालेली असते. तो ब्रेक अचानक निघतो आणि मेंदू सुसाट सुटतो. हात थरथरणं, घाम, अस्वस्थता, अजिबात झोप न लागणं असा त्रास सुरू होतो. पुढे भास होऊ शकतात, फिट येऊ शकते आणि काही वेळा मृत्यूही होऊ शकतो. दारूचं जुनं व्यसन अचानक सोडल्यावर होतं तसंच हे असतं.

म्हणून ही औषधं सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू प्रमाण कमी करत.

आणखी एक गोष्ट. बार्बिट्युरेटची झोप ही नेहमीसारखी झोप नसते. ज्या टप्प्यात आपल्याला जास्त स्वप्नं पडतात, तो टप्पा या औषधांनी कमी होतो. गोळी बंद केली की तो टप्पा उसळी मारून परत येतो. रात्रभर विचित्र, भीतीदायक स्वप्नं पडतात. माणसाला वाटतं, 'बघा, गोळीशिवाय मला झोपच येत नाही.' आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो.

इतर धोके कोणते?

* दुसऱ्या दिवशीची गुंगी: फेनोबार्बिटलसारखं औषध शरीरातून निम्मं बाहेर पडायलाही मोठ्यांमध्ये साधारण तीन-चार दिवस लागू शकतात. गाडी चालवणं, यंत्रावर काम करणं धोक्याचं ठरतं.
* ज्येष्ठांना जास्त त्रास: गोंधळ उडणं, तोल जाणं, पडून हाड मोडणं. काहींना शांत होण्याऐवजी उलट चिडचिड आणि उत्तेजना येते.
* इतर औषधांवर परिणाम: ही औषधं लिव्हरमधली एंझाइम्स वाढवतात. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन अशा औषधांचा असर कमी होऊ शकतो.
* गरोदरपण: बाळात जन्मजात दोष निर्माण होण्याचा धोका वाढू शकतो.
* पोर्फिरिया: हा दुर्मीळ आजार असणाऱ्यांना बार्बिट्युरेटमुळे गंभीर झटका येऊ शकतो. त्यांना ही औषधं देतच नाहीत.

मग ही औषधं मागे कशी पडली?

१९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम ही औषधं बाजारात आली. हा बेंझोडायझेपाइन्सचा गट. तीही गाबाच्या रिसेप्टरवरच काम करतात, पण एक महत्त्वाचा फरक आहे. गाबा हजर असेल तरच ती त्याचं काम वाढवतात, स्वतःहून दार उघडत नाहीत. त्यामुळे एकटी घेतली असता श्वास थांबण्याचा धोका बराच कमी झाला.

शिवाय बेंझोडायझेपाइन्सचा असर उतरवणारं फ्लुमाझेनिल हे औषध आहे. बार्बिट्युरेट्सवर असा कोणताही उतारा आजही नाही.

१९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार अनेक बार्बिट्युरेट्सवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलं. ब्रिटनमध्ये तर १९७० च्या दशकात डॉक्टरांनीच ही औषधं कमी लिहावीत म्हणून मोहीम चालवली गेली. हळूहळू निद्रानाशाच्या चिठ्ठीवरून बार्बिट्युरेट्स नाहीशी झाली.

याचा अर्थ नंतर आलेल्या गोळ्या निर्धोक आहेत असा मात्र होत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांचीही सवय लागते, दारूसोबत त्याही जीवघेण्या ठरू शकतात आणि त्याही अचानक सोडता येत नाहीत. झोल्पिडेम घेऊन झोपेत चालणं, गाडी चालवणं असे प्रकार घडल्यामुळे २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्यावर सर्वांत कडक इशारा छापणं सक्तीचं केलं.

भारतात यांतली अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधं 'शेड्यूल एच-१' मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. मेडिकलवाल्याला डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवून ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. फेनोबार्बिटल १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली मनोविकारी पदार्थांच्या यादीत आहे. त्यामुळे 'ओळखीच्या मेडिकलमधून मिळते' म्हणून घेतलेली झोपेची गोळी ही आरोग्याइतकीच कायद्याच्या दृष्टीनेही चूक आहे.

घरात फिट्सची गोळी चालू असेल तर घाबरू नका

आता सुरुवातीला सांगितलेल्या मुद्द्याकडे येऊ.

१९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर फिट्सच्या रुग्णांच्या वॉर्डाशेजारी राहायचा. रुग्णांना रात्री शांत झोप लागावी म्हणून त्याने त्यांना फेनोबार्बिटल दिलं. झोप तर लागलीच, पण फिट्सही कमी झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. शंभराहून जास्त वर्षं झाली, हे औषध अजून वापरात आहे.

फिट्स, मिरगी, आकडी, अपस्मार. नाव काहीही म्हणा, या आजारावर फेनोबार्बिटल आजही दिलं जातं. भारतात ते फेनोबार्बिटोन या नावाने ओळखलं जातं. 'गार्डेनल' हे त्याचं आपल्याकडचं परिचित ब्रँड नाव. ते स्वस्त आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि नवजात बाळांना येणाऱ्या झटक्यांवरही वापरलं जातं.

तेव्हा हा लेख वाचून किंवा एखादं रील बघून घरातल्या कुणाची फिट्सची गोळी 'ही तर धोकादायक आहे' म्हणून बंद करू नका. अचानक बंद केल्यास एकामागोमाग एक फिट येत राहू शकते आणि ती थांबत नाही. ही जीवघेणी स्थिती असते. फिट्ससाठी डॉक्टर प्रमाण ठरवतात, गरजेप्रमाणे रक्त तपासून बघतात आणि रुग्णावर लक्ष ठेवतात. तिथे फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो.

मुलगी लग्नाच्या किंवा बाळाच्या विचारात असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, शाळकरी मूल जास्त चिडचिडं किंवा सुस्त वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगा. ते औषध बदलू शकतात. मात्र हा बदल त्यांनीच करायचा.

आणि घरात फिट्ससाठी आणलेली गोळी 'झोप येत नाही ना, अर्धी घेऊन बघ' म्हणून दुसऱ्या कुणाला देऊ नका.

नार्को टेस्टमध्ये वापरतात ते हेच का?

हो, त्याच गटातलं. सोडियम पेंटोथाल म्हणजे थायोपेंटल हे बार्बिट्युरेट १९३४ पासून भूल देण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. नंतर प्रोपोफॉल आलं आणि भुलीसाठी त्याचा वापर बराच कमी झाला.

बनावट स्टॅम्प पेपर घोटाळ्यातल्या अब्दुल करीम तेलगीच्या नार्को टेस्टमुळे हे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचलं. पण या औषधाने माणूस खरंच बोलतो असं नाही. गुंगीत तो बडबडतो, सुचवलेल्या गोष्टींना होकारही देतो. संमतीशिवाय कुणाचीही नार्को टेस्ट करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला.

झोपच येत नसेल तर करायचं काय?

आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ झोपेचा त्रास असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपचार कोणता, याचं उत्तर अनेकांना आश्चर्यकारक वाटतं. तो गोळी नाही. सीबीटी-आय नावाची उपचारपद्धती आधी वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

यात समुपदेशकासोबत काही आठवड्यांत झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची भीती दोन्ही बदलल्या जातात. त्यातल्या काही गोष्टी घरीही सुरू करता येतात.

* सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा. रात्री झोप झाली नसेल तरी, रविवारीही.
* साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. दुसऱ्या खोलीत किंवा कोपऱ्यात मंद उजेडात शांत बसा. डोळे जड झाले की परत अंथरुणात या.
* अंथरूण फक्त झोपण्यासाठी. तिथे बसून रील्स, ऑफिसचे मेल किंवा जेवण नको.
* संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. दुपारची वामकुक्षी लांबवू नका.
* घड्याळाकडे बघू नका. 'आता फक्त चार तास उरले' हा हिशेब झोप आणखी लांबवतो.

फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी मात्र झोपेचे तास कमी करणारा कोणताही प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. अपुऱ्या झोपेमुळे फिट येऊ शकते.

झोप न येण्यामागे दुसरं कारणही असू शकतं. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं म्हणजे स्लीप ॲप्निया. अशा माणसाने झोपेची गोळी घेतली तर श्वास आणखी अडकू शकतो. नैराश्य, थायरॉइड, सांधेदुखी, एमआयडीसी किंवा आयटीतली रात्रपाळी, काही औषधं यांमुळेही झोप उडते. मूळ कारण तसंच राहिलं तर गोळी ते फक्त झाकून ठेवते.

डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळी दिलीच, तर तीन प्रश्न जरूर विचारा. ही किती दिवस घ्यायची? बंद कशी करायची? माझ्या बाकीच्या औषधांसोबत चालेल का?

तातडीच्या वेळी काय कराल?

झोपेची किंवा गुंगीची गोळी घेतलेला माणूस हाक मारून, हलवूनही उठत नसेल, श्वास फार हळू किंवा घरघर करत चालला असेल, ओठ निळसर पडले असतील, तर 'झोपू दे, उतरेल' असं म्हणत थांबू नका. लगेच १०८ वर फोन करा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. कॉफी पाजणं, मिठाचं पाणी देणं, उलटी काढणं यातलं काहीही करू नका. जवळ सापडलेलं गोळ्यांचं पाकीट दवाखान्यात सोबत न्या. बार्बिट्युरेटवर उतारा नसला तरी वेळेत पोहोचलेल्या रुग्णाला व्हेंटिलेटर आणि डायलिसिससारख्या उपचारांनी वाचवता येतं.

रात्र-रात्र झोप नाही, मन बेचैन आहे, जगणं नकोसं वाटतंय असं होत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.